चावा बोटाला, लक्ष अंगभर

मंडळी, एका लांबच्या प्रवासात गाडीच्या उघड्या काचेतून गांधीलमाशी आत आली आणि माझ्या बोटाला डसली. बोटात अंगठी. गाडी बाजूला घेतली, एवढं शहाणपण सुचलं. पण नंतर माशी शोधण्यात पंधरा मिनिटं घालवली आणि तेवढ्यात अंगठी रुतून बसली. शेवटी शिवणाच्या दोऱ्याचं टोक अंगठीखालून ओढून घेतलं, अंगठीपुढचं बोट घट्ट गुंडाळलं आणि खालचं टोक धरून दोरा उलगडत गेलो. एकेक वेढ्यावरून अंगठी सरकत बाहेर आली. तेव्हा हाताला काही डसलं, की अंगठी-घड्याळ आधी काढा; माशीचा हिशेब नंतर.

मधमाशी असेल तर तिची नांगी कातडीत अडकून राहते आणि विष सोडत राहते. ती नखाने खरवडावी की चिमटीत धरावी, यावर वाद घालत बसू नका. काही सेकंदांत काढा, कशीही.

दुसऱ्या दिवशी माझी सूज मनगटापर्यंत चढली. बरोबरचे म्हणाले, परत फिरू. मी बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली. अशी सूज 24 ते 48 तासांत सर्वांत जास्त दिसते, उतरायला 5 ते 10 दिवस लागू शकतात. डासांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या मुलांचा डोळा एका चाव्याने पार मिटतो, तोही बहुधा याच जातीचा प्रकार. दिसायला भयंकर, पण त्या जागेपुरता. गार पट्टी, हात उंच आणि खाजेवरची गोळी, एवढं पुरतं. मात्र क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळीने झोप येते. ती घेतली, की स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती. सेट्रिझिननेही काहींना गुंगी येते. दोन-तीन दिवसांनंतरही लाली रेघ ओलांडत असेल, ठणका वाढत असेल, ताप किंवा पू असेल, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका घेऊन डॉक्टर गाठा.

आता घाबरायचं कधी? डसलं बोटाला आणि गांधी उठल्या पोटावर, तेव्हा. ओठ-जीभ सुजणं, घसा दाटणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी. हे सहसा काही मिनिटांत सुरू होतं. डसलेली जागा तेव्हा वाटाण्याएवढीही नसेल! याला, म्हणजे अंगभर उसळलेल्या जीवघेण्या ॲलर्जीला, ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. गंमत म्हणजे या शब्दाची गोष्टही एका प्रवासातच सुरू होते. मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर 1901 साली रिशे आणि पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. परतल्यावर कुत्र्यांवर प्रयोग करताना त्यांना दिसलं, की पहिल्यांदा सोसलेलं विष काही आठवड्यांनी अगदी थोडं दिलं, तरी जीव घेतं. 1902 मध्ये त्यांनी हा शब्द घडवला. 1913 मध्ये रिशेंना नोबेल मिळालं. मागच्या वेळी काही झालं नव्हतं, ही तुमची खात्री म्हणूनच कुचकामी.

इथे खाजेच्या गोळीवर विसंबायचं नाही. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज पडली तर कपड्यावरूनच. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात न्या, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

ज्यांना डॉक्टरांनी हे इंजेक्शन दिलंय, त्यांनी ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नये. उभ्या गाडीत तिथे भट्टी होते आणि औषध उष्णतेने खराब होतं. डिकीतल्या बॅगेच्या तळाशीही नको. अंगाजवळच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी गाडीतल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. ज्याला टोचायचंय, त्याचा घसा तोवर बंद झालेला असू शकतो.