टेबल झुकतंही आणि अडतंही

मिलिंग मशीन म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणारं यंत्र; ज्यावर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, बांधतात त्या त्याच्या टेबलाबद्दल दोन तक्रारी हमखास एकत्र येतात. टेबल एका बाजूला पार टोकापर्यंत नेलं की ते झुकतं, आणि नेमकं तिथेच हँडल जड होतं. नवीन ऑपरेटर इथे गोंधळतो. झुकतंय म्हणजे ढिलं असणार, मग अडतं कसं?

आपलं बहुतेक काम टेबलाच्या मध्यावर चालतं. जॉब पकडणारा व्हाइस तिथेच, जॉबही तिथेच. त्यामुळे टेबलाची डोव्हटेल, म्हणजे खालची तिरप्या कडांची सरकपट्टी, मधोमध घासली जाते आणि टोकांना जवळजवळ नवी राहते. टेबल ज्यावर सरकतं त्या सॅडलचं उलट होतं. बाहेर लटकलेल्या टेबलाचा भार सॅडलच्या कडांवर येतो, म्हणून कडा झिजतात आणि मधला भाग उंच राहतो. आता मधोमध झिजलेलं टेबल अशा सॅडलवर बसलंय. टेबल मध्यावर ठेवून जिब, म्हणजे डोव्हटेलमधली फट भरणारी उताराची पट्टी, आवळली की तिथला प्ले (ढिलाई) जातो, पण टोकाचा न झिजलेला भाग सॅडलमध्ये शिरला की जाम होतो. हँडल फिरत नाही म्हणून कुणीतरी जिब सैल करतं, आणि दुसऱ्या दिवशी टेबल पुन्हा डोलायला लागतं. उमेदवारीच्या दिवसांत मीही कितीतरी वेळा हेच केलं आणि प्रत्येक वेळी दोष जिबला दिला.

फट किती महाग पडते ते पाहा. सॅडलची लांबी २५० मिलिमीटर धरा. जिबच्या ढिलाईमुळे टेबलाला ०.०५ मिलिमीटर उचलायला जागा आहे. टेबल उजवीकडे ३०० मिलिमीटर बाहेर गेलं, तर ते सॅडलच्या उजव्या कडेवर तोलतं, डावीकडे ०.०५ नं उठतं आणि उजवं टोक ०.०६ नं खाली जातं. कटर फिरवणारा स्पिंडल सॅडलच्या मध्यावर असतो, म्हणजे कटरखालचा जॉब ०.०२५ नं वर येतो आणि तेवढा जास्त कापला जातो. दुसऱ्या टोकाला हेच. लांब जॉब दोन्ही टोकांना कमी आणि मध्ये फुगीर निघतो, आणि आपण कटर तपासत बसतो! स्पिंडलला लावलेला डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) हाही इथे दिशाभूल करतो, कारण तो फक्त मधला ०.०२५ दाखवतो. त्यापेक्षा टेबलावर मध्यभागी बारीक स्पिरिट लेव्हल ठेवा, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या आणि बुडबुडा पाहत राहा. किंवा डायल सॅडलवर बसवून टेबलाच्या खालच्या कडेला टेकवा आणि हातानं टेबलाचं टोक उचलून बघा.

पण जिबला हात लावण्याआधी हे पाहा की अडतंय ते खरंच जिबमुळे का. टेबल पुढे-मागे नेणाऱ्या लीड स्क्रूचा नट मोकळा करा आणि टेबल हातानं ढकला. ते पूर्ण प्रवासभर सारखं सरकलं, तर दोष स्क्रूच्या बाजूचा आहे. स्क्रूही मध्येच जास्त झिजतो. मध्यावर बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई) काढायला नट फार आवळला असेल, तर टोकाच्या जाड आट्यांवर तो जाम होणारच. दुसरी शक्यता टेबलाच्या टोकाशी स्क्रूला धरणाऱ्या ब्रॅकेटची. साफसफाईला काढून परत लावताना तो किंचित वाकडा बसतो. त्याचे बोल्ट थोडे सैल करा, टेबल सरकवून नट त्या ब्रॅकेटच्या शक्य तितका जवळ आणा, स्क्रू स्वतःची जागा घेईल, मग बोल्ट आवळा.

जिबचाच दोष असेल, तर आधी ती बाहेर काढा. मागे चिप्स आणि वाळलेलं तेल साचलेलं सापडतं. तेलाची नळी तुंबली असेल तर ती मोकळी करा. कोरड्या स्लाइडवर केलेलं ॲडजस्टमेंट खोटं असतं; तेल पोचलं की हाताला वेगळंच जाणवतं. जिब परत बसवताना टेबल जिथे सर्वात जड जातं तिथे नेऊन ठेवा. ॲडजस्टमेंट तिथेच करायचं, मध्यावर नाही. दोन पेच असतील तर अरुंद टोकाचा आधी सोडा, रुंद टोकाचा आवळा, मग अरुंद टोकाचा नुसता टेकवा. समजा, जिबचा उतार ५० ला १ आणि पेचाचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो सरकतो ते अंतर, १ मिलिमीटर आहे. पाव फेऱ्यानं फट फक्त ०.००५ मिलिमीटर कमी होते. म्हणून पाव-पाव फेऱ्यानंच पुढे जा आणि दर वेळी टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन बघा. एकाच पेचाची जिब असेल, तर पेचाची कॉलर आणि जिबची खाच यांतला प्ले पाहा. तो असला की दिशा बदलताना जिब स्वतःच सरकते, आणि टेबल एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड लागतं.

एवढं करूनही मध्यावर थोडी ढिलाई उरेल. ती जिबनं जाणार नाही. ती काढायची तर निळा रंग लावून, डाग बघत, स्क्रेपिंग (उंच जागा हातानं खरवडणं) करावं लागतं, आणि ते काम त्यातल्या जाणत्या माणसाकडेच द्यावं. तोवर लांब कट घेताना सॅडल आणि त्याखालचा वर-खाली होणारा भाग, म्हणजे नी, दोन्ही लॉक करा, आणि डिव्हायडिंग हेडसारखं (जॉब ठरावीक कोनात फिरवणारं) वजनदार साहित्य काम संपल्यावर टेबलाच्या टोकाला ठेवून जाऊ नका, लगेच उतरवा.