वाऱ्यात ‘अहो’ ऐकू जात नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मी ऐरोलीची. ठाण्यातल्या एका शाळेत २८ वर्षं भूगोल शिकवला. आमचे हे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर, म्हणजे उभी हयात जहाजाच्या पोटात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गावाकडे घर बांधतात, नाहीतर चारधामला जातात. ह्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली. लांबी ११ मीटर, आत दोन झोपायच्या जागा आणि एक शेगडी, जी बोटीबरोबर झोके घेते म्हणून खिचडी सांडत नाही. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं मुंबईहून निघालो, कोचीमार्गे मालदीवला गेलो आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत आलो.

बेटांबद्दल सगळे विचारतात, तर ते एकदाचं सांगून टाकते. पाणी इतकं नितळ, की बारा मीटर खोल वाळूत पडलेला आपला नांगर वरून दिसतो. प्रवाळाच्या रांगेतून आत शिरायचं ते सूर्य डोक्यावर असतानाच, कारण तेव्हाच खडक तपकिरी आणि वाळू फिकट दिसते. देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा समुद्रसपाटीपासून अडीच मीटरही नाही. आमच्या सोसायटीची कुंपणभिंत जवळपास तेवढी आहे. आणि उलिगमला, म्हणजे अगदी उत्तरेकडच्या बेटावर, दुकानातल्या मुलीने मला आकडे शिकवले: एके, दे, तिने, हतरे, फहे. मी म्हटलं, अगं, हे तर आमचेच चुलतभाऊ! त्यांची भाषा धिवेही ही आपल्याच भाषाकुळातली. इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीपाला ‘अॅटॉल’ म्हणतात, तो शब्दही धिवेहीतून गेलेला. हे मला शिकवत असताना माहीत असतं तर एक तास रंगला असता.

बेटं झाली. मला बोलायचंय ते परतीबद्दल.

जाताना आम्ही वाऱ्याच्या पाठुंगळी बसून गेलो. परत येताना तोच वारा तोंडावर. शिडाची बोट वाऱ्याच्या थेट समोर जाऊच शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन सोडून आधी उजवीकडे तिरकं, मग डावीकडे तिरकं, असं घाटातल्या एसटीसारखं वळत वळत चढायचं. उलिगमपासून कोची सरळ रेषेत २६० सागरी मैल. आम्ही कापले साडेतीनशेच्या वर. वेग ताशी पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटर. सायकलवाला दूधवाला आमच्या पुढे गेला असता.

बोटीवर माणसं दोन, आणि एकाने कायम जागं राहायचं. तीन तास ह्यांचा वॉच, तीन तास माझा. मी उठले की हे झोपणार, हे उठले की मी. घरात आम्ही चोवीस तास एकमेकांच्या पायात असतो. इथे आठ फुटांवर राहून दिवसरात्रीत आठ वेळा भेट, तीही दहा मिनिटांची. आणि त्या दहा मिनिटांत बोलायचं काय, तर वारा कुठून आहे, किती आहे, कुठलं जहाज कोणत्या दिशेला दिसतंय, आणि थर्मासात चहा उरलाय की संपवलास. पहिल्या दोन दिवसांत मला हे फार कोरडं वाटलं. मग लक्षात आलं, की इतक्या वर्षांत ह्यांनी माझं बोलणं एवढं कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

एक नियम कडक होता. कमरेला दोरी बांधल्याशिवाय वर बसायचं नाही, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय डोलकाठीपाशी जायचं नाही. कारण हिशेब सोपा आहे. ताशी पाच मैलांनी बोट मिनिटाला दीडशे मीटर जाते. एकजण पाण्यात पडला आणि दुसरा झोपलेला असला, तर पाच मिनिटांनी पाऊण किलोमीटरचं अंतर. काळोखात तेवढ्यावरून माणसाचं डोकं दिसत नाही.

तर तिसऱ्या रात्री, माझ्या वॉचला, वारा अचानक चढला. पुढच्या शिडाची दोरी अडकली, शीड फडफडायला लागलं. मी हाक मारली, “अहो!” काही नाही. पुन्हा, “अहो! अहो!” आता बघा, ‘अहो’ या शब्दात ऐकू जाण्यासारखं आहेच काय? मधला ‘ह’ तर नुसता श्वास. वारा पंधरा नॉटच्या, म्हणजे ताशी पंधरा सागरी मैलांच्या वर गेला की तो पहिला ‘ह’ उचलून नेतो, मग उरतो तो ‘आ… ओ…’, आणि तसं तर बोटीचं लाकूडही कण्हत असतं. शेवटी मी ह्यांचं नाव घेऊन ओरडले. नुसतं नाव. पुढे ‘राव’ नाही, मागे काही नाही.

संसाराची ३३ वर्षं. याआधी नाव घेतलं ते उखाण्यात, चांदीच्या ताटात काहीबाही मांडून, यमक जुळवून. हे बनियनवर धडपडत वर आले आणि पहिला प्रश्न काय, तर “काय म्हणालीस?” म्हटलं, आधी शीड.

शीड आवरलं. दोघं दमून बसलो. मग हे म्हणाले, आई गेल्यापासून त्या नावाने घरात कुणी हाक मारली नव्हती. एवढं बोलून खाली झोपायला गेले, कारण त्यांच्या झोपेचा अजून दीड तास शिल्लक होता.

रात्रीची माझी मोजपट्टी म्हणजे ध्रुव. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर, तितके आपले अक्षांश. हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढलं असेल. उलिगमला तो जेमतेम सात अंशांवर, धुरकटपणात दिसे न दिसे. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंशांची. कोचीला ध्रुव बरोबर मुठीवर बसला. आमच्या लग्नात भटजींनी भर दुपारी दीड वाजता “ध्रुव बघा” म्हणून बोट वर केलं होतं. वर मांडवाचं कापड होतं आणि त्यावर पंखा. तो राहिलेला विधी असा पार पडला, तोही एकेकटीने, कारण मी बघायची तेव्हा हे झोपलेले.

कोची ते मुंबई सुमारे ५७० मैल. पनवेलला थांबणारी नेत्रावती एक्सप्रेस पकडली असती तर दुसऱ्या दिवशी घरी पोचलो असतो, हे मी रोज एकदा बोलून दाखवायची. या किनाऱ्यावर मार्चमध्ये दुपारी वायव्येचा खारा वारा, तोही तोंडावरच. पण मध्यरात्रीनंतर जमीन गार होते आणि तिच्याकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. पूर्वेचा वारा, उत्तरेला जायला अगदी बाजूने मिळतो. खारे वारे आणि मतलई वारे, सहा गुणांचा प्रश्न, आकृतीसह! तो मतलई वारा पहिल्यांदा गालाला लागला तेव्हा त्याला वाळक्या गवताचा आणि कुठल्यातरी चुलीच्या धुराचा वास होता. आकृतीत वास काढता येत नाही.

अडचण अशी, की मतलईचा जोर किनाऱ्याजवळ, आणि जाळीही किनाऱ्याजवळच. दूर कुठे एलईडी लावून मासेमारी चाललेली दिसायची, बंदी असली तरी. क्षितिजावर जणू मंगल कार्यालय उजळलंय. त्या बोटींची भीती नाही, त्या दिसतात. भीती दिवा नसलेल्या बोयांची, म्हणजे जाळ्यांच्या तरंगत्या खुणांची. देवगडच्या बाहेर वारा पडला म्हणून इंजिन लावलं होतं, आणि पहाटे चारला धाडकन बंद. पंख्यात जाळ्याची दोरी. उजाडल्यावर हे सुरी घेऊन पाण्यात उतरले, मी वरून त्यांची दोरी धरून. एवढ्यात होडी आली. तांडेल तापलेला: “जाळ्याचे पैशे कोण देतलो?” बरोबरच होतं त्याचं. मी मराठीत माफी मागितली. तो थबकला. “खंयसून इलास?” म्हटलं, मालदीवहून. त्याने शिडाकडे पाहिलं, पाण्यातल्या ह्यांच्या टकलाकडे पाहिलं, आणि सोबतच्या पोराला काहीतरी बोलला, जे आकाशवाणीवर सांगता येणार नाही. मी दिलेले पैसे त्याने मोजले, निम्मे परत केले आणि वर चार बांगडे टाकले.

उत्तरेकडे येऊ तसं पाणी गढुळतं आणि भरती-ओहोटी वाढते. मालदीवला फरक मीटरभर. मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटर, कारण इथे उथळ समुद्रबूड फार रुंद आहे. ओहोटीच्या ओढीविरुद्ध बंदरात शिरणं म्हणजे सुटलेल्या लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत घुसणं. म्हणून खांदेरीच्या आडोशाला नांगर टाकून भरतीची वाट पाहिली. सहा तास. दोघंही जागे, तीन आठवड्यांत पहिल्यांदा इतका वेळ एकत्र, आणि बोलायला काही सुचेना. मग मी त्यांना विचारलं, “वारा किती?” ते म्हणाले, “आठ. चहा आहे.”

बोट गेटवेसमोर बांधली. घरापर्यंत नेता येत नाही. डोलकाठी पंधरा मीटर, आणि ऐरोलीच्या आधी वाशीचे पूल. शिवाय ओहोटीला खाडीत गाळच गाळ. त्यामुळे चार महिन्यांच्या जलप्रवासाचा शेवट आम्ही हार्बर लोकलने केला. मानखुर्द सुटलं, गाडी पुलावर आली, आणि शेजारच्या बाईंनी निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी खिडकीतून भिरकावली. मी मास्तरणीच्या नजरेने बघितलं. त्यांनी माझ्या उन्हाने सोललेल्या नाकाकडे बघितलं. खाली चहाच्या रंगाचं पाणी, पलीकडे चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ. वाशीला उतरून ठाण्याची गाडी धरली.

घरी येऊन महिना झाला. परवा हे भाजी आणायला खाली उतरले आणि पिशवी विसरले. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक मारली. नाव घेऊन, शिडावरच्या आवाजात. हे लगेच थांबले, वर बघितलं. पार्किंगमधला वॉचमनही थांबला.

संध्याकाळी शेजारच्या काकू वाटीभर लोणचं घेऊन आल्या. थोडं इकडचं तिकडचं बोलल्या. मग दार लोटून घेत हळूच म्हणाल्या, “तुमचं दोघांचं तिकडे काही बिनसलं का गं?”

नमस्कार.