घड्याळ मनगटावर, डोकं फोनमध्ये

श्रोतेहो, नमस्कार.

मनगटावर स्मार्टवॉच असेल तर ते काढा आणि पालथं करून बघा. दिवा मालवता आला तर फारच चांगलं. मधोमध काचेचा एक छोटा उंचवटा आहे. नाडीची मोजणी चालू असेल तर त्यात हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसेल. त्याच्या शेजारी काळसर चौकोनी ठिपका आहे, तो प्रकाश टिपणारा सेन्सर. कडेला धातूचे दोन-चार ठिपके असतील, ते चार्जिंगचे.

हिरवाच प्रकाश का? रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की कातडीखालच्या बारीक वाहिन्यांत रक्त भरतं आणि परत येणारा हिरवा प्रकाश कमी होतो. रक्त ओसरलं की तो वाढतो. हे कमी-जास्त मोजून घड्याळ नाडीचा आकडा दाखवतं. म्हणजे सगळी भिस्त काच आणि कातडी यांच्या चिकटण्यावर आहे. पट्टा सैल असला की फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा भरकटतो. मनगटाचं हाड सोडून कोपराच्या बाजूला एक-दोन बोटं वर घड्याळ बांधा. हात झटकला तरी ते सरकू नये, आणि काढल्यावर कातडीवर खोल वळ उठू नये, इतपत पट्टा आवळायचा. मनगटावर गोंदण असेल तर त्याची शाई प्रकाश अडवते, तेव्हा दुसऱ्या हातावर बांधून बघा. थंडीत पहाटे आपल्या साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्यांना सुरुवातीला विचित्र आकडे दिसतात. त्याला कारण थंडी. गारठ्यानं हातातल्या वाहिन्या आकसलेल्या असतात आणि मोजायला पुरेसं रक्तच वरच्या थरात नसतं. अंगात ऊब आली की आकडा जागेवर येतो.

आता मुख्य मुद्दा. आपण ज्याला स्मार्टवॉच म्हणतो, त्यातली बरीचशी हुशारी फोनमध्ये असते. मेसेज फोनवर येतो आणि घड्याळ तो दाखवतं. हवामान फोन आणतो. कॉल फोनच्या सिमवरून जातो, घड्याळ फक्त माईक आणि स्पीकर पुरवतं. म्हणून 'घड्याळ बिघडलं' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा फोनच्या सेटिंगमध्ये निघतं. दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी ते तपासायलाच हवं.

जोडणीपासून सुरू करू. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. डबा उघडला की लोक फोनच्या ब्लूटूथ यादीत जातात आणि घड्याळाचं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवतात. 'कनेक्टेड' असं येतं, पण वेळ चुकीची राहते आणि मेसेजही येत नाहीत. योग्य क्रम असा. आधी घड्याळ पूर्ण चार्ज करा. मग घड्याळाच्या पडद्यावरचा किंवा माहितीपत्रकावरचा क्यूआर कोड स्कॅन करून त्या कंपनीचं अॅप घ्या. अॅप उघडा, त्यात आपली उंची, वजन, वय खरंखुरं भरा, कारण अंतर आणि कॅलरी यांचा हिशेब त्यावरच होतो. आणि घड्याळ अॅपमधूनच शोधून जोडा. अॅप परवानग्या मागेल. अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनवर जवळचं ब्लूटूथ उपकरण शोधायला लोकेशनची परवानगी आणि लोकेशन चालू असणं, दोन्ही लागतं. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'जवळपासची उपकरणं' अशी वेगळी परवानगी आली. ती नाकारली तर घड्याळ शेजारी असूनही यादीत येत नाही.

कॉलची सोय असलेल्या स्वस्त घड्याळांत आणखी एक पायरी आहे. ब्लूटूथचे दोन प्रकार असतात. पावलं, नाडी, मेसेज हे सगळं कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरून जातं. हा प्रकार २०१० साली ब्लूटूथ ४.० बरोबर आला, आणि एवढ्याशा बॅटरीवर आठवडाभर चालणारी घड्याळं शक्य झाली ती त्याच्यामुळे. कॉलचा आवाज मात्र जुन्या, नेहमीच्या ब्लूटूथवरून जातो. म्हणून अशा घड्याळांच्या दोन जोडण्या कराव्या लागतात, आणि फोनच्या यादीत एकाच घड्याळाची दोन नावं दिसू शकतात. अॅपमधली जोडणी झाली की घड्याळावर कॉलचं ब्लूटूथ सुरू करा आणि फोनवर येणारी विनंती मंजूर करा. मेसेज येतात पण कॉल उचलता येत नाही, असं असेल तर ही दुसरी जोडणी राहिलेली आहे. उलट, फोनवरची गाणी अचानक घड्याळाच्या चिरक्या स्पीकरवर वाजू लागली, तर ब्लूटूथ यादीत त्या नावापुढचा 'मीडिया ऑडिओ' बंद करा. कॉल चालू राहतील.

दुसरी तक्रार: पहिले दोन दिवस सगळं छान चाललं, तिसऱ्या दिवसापासून मेसेज येईनासे झाले. फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली अॅप बंद करतो, त्यात घड्याळाचं अॅपही बंद पडतं. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करा. सूचना वाचायची परवानगी दिली आहे ना, ते पाहा. अॅप अपडेट झाल्यावर हेच एकदा पुन्हा तपासा. आणि सगळी अॅप झाडून बंद करायची सवय असेल, तर त्यातून हे एक वगळा.

आता जे सांगायचं आहे ते मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, आणि विकत घेताना कोणी बघत नाही. घड्याळाला मराठी नीट दाखवता येतं का? काही घड्याळांत देवनागरीचा फॉन्टच नसतो, तिथे अक्षरांच्या जागी चौकोन येतात. हे निदान लगेच लक्षात येतं. दुसरा प्रकार फसवा आहे. अक्षरं दिसतात, पण मोडलेली. 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी क च्या आधी यायला हवी, ती क च्या नंतर जाऊन बसते. 'शिक्षक' मधला क्ष फुटतो आणि क, पायमोडकं चिन्ह, ष असा वेगवेगळा दिसतो. याचं कारण असं की युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क आणि मागून वेलांटी, असाच क्रम असतो. पडद्यावर काढताना वेलांटी पुढे आणायची आणि जोडाक्षरं जोडायची, हे काम एक वेगळा प्रोग्रॅम करतो. मोठ्या फोनमध्ये तो असतोच. स्वस्त घड्याळात जागा आणि वीज वाचवायला तो गाळलेला असू शकतो. म्हणून दुकानातच, पोवई नाक्यावर असो की राजवाड्याजवळ, घड्याळ आपल्या फोनला जोडायला लावा आणि कोणाला तरी हा मेसेज पाठवायला सांगा: 'शिक्षकांनी किती प्रश्न विचारले?' या एका ओळीत वेलांटी, क्ष आणि श्न तिन्हींची परीक्षा होते. ओळ धड वाचता आली तरच पैसे द्या. मेसेज वाचणं हा मुख्य उपयोग असेल तर चौकोनी पडदा घ्यावा. गोल तबकडी देखणी असते, पण वरच्या आणि खालच्या ओळींना जागा कमी पडते आणि आपले लांब शब्द कडेला तुटतात.

पावलांकडे येऊ. घड्याळाला पाय दिसत नाहीत. हाताचा झोका तेवढा कळतो. आतला सेन्सर हालचालीतली लय पकडतो आणि तिला पावलं समजतो. म्हणून भाकरी थापताना पावलं वाढू शकतात, आरतीला टाळ्या वाजवताना वाढू शकतात. उलट हातगाडी ढकलताना किंवा डोक्यावरचा भारा दोन्ही हातांनी धरून चालताना हात स्थिर असतो, तेव्हा खरी चाल मोजली जात नाही. यात घड्याळाचा दोष नाही. रोज त्याच पद्धतीनं चालणाऱ्यानं आजची तुलना कालशी करावी, शेजाऱ्याच्या आकड्याशी नको. भाकरीवरून आठवलं, स्वयंपाक करताना घड्याळ काढून ठेवलेलं बरं. माईकचं छिद्र टाचणीच्या टोकाएवढं असतं. त्यात पीठ जाऊन ओलाव्यानं घट्ट झालं की समोरच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो. छिद्रात टाचणी मात्र घालू नका, आतला पडदा फाटतो. मऊ, कोरड्या टूथब्रशनं वरच्यावर झाडा. आणि लेथ किंवा ड्रिलवर काम करणाऱ्यांनी कामावर घड्याळ घालूच नये. फिरत्या यंत्रात पट्टा अडकला तर घड्याळाबरोबर हातही ओढला जातो.

यवतेश्वरच्या घाटात धावायचा सराव करणारे सातारकर पुष्कळ आहेत. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, घड्याळात स्वतःचं जीपीएस आहे, की ते फोनचं जीपीएस वापरतं. दुसऱ्या प्रकारात फोन खिशात घेऊनच धावावं लागतं, नाहीतर अंतर नुसतं पावलांवरून अंदाजे निघतं. स्वतःचं जीपीएस असेल तर निघण्याआधी घड्याळ अॅपशी एकदा सिंक करा, म्हणजे उपग्रहांची ताजी माहिती त्यात उतरते. मग मोकळ्या आकाशाखाली उभं राहून उपग्रह सापडल्याची खूण येऊ द्या आणि मगच पाऊल टाका. घाटात एका बाजूला डोंगर असतो. तिकडचं आकाश झाकलं जातं, सिग्नल कड्यावर आपटून येतात आणि नकाशावरची रेघ रस्ता सोडून दरीत उतरते. दुसरी गोष्ट नाडीची. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडतात, हाताचा झोकाही त्याच लयीत असतो. कधीकधी सेन्सर रक्ताच्या लयीऐवजी ही लय पकडतो. नाडीचा आकडा पावलांच्या आकड्याला येऊन चिकटला की हाच प्रकार समजा. क्षणभर थांबा, पट्टा एक भोक आवळा. आकड्यावर सराव आखणाऱ्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. तो प्रकाशावर चालत नाही, हृदयाचे विजेचे संकेत पकडतो.

पाणी. डब्यावर '५ एटीएम' लिहिलेलं असतं, म्हणजे ५० मीटर खोल स्थिर पाण्याएवढा दाब घड्याळ चाचणीत सोसतं. '५० मीटर खाली पोहा' असा त्याचा अर्थ नाही. काही घड्याळांवर 'आयपी ६८' असतं, ते धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन. त्याची चाचणी तर साध्या, संथ पाण्यात होते आणि किती खोल, किती वेळ हे कंपनी ठरवते. आपल्याकडची मुलं उन्हाळ्यात विहिरीच्या कठड्यावरून सूर मारतात. पाण्यावर आपटताना बसणारा दाब त्या संथ चाचणीतल्यापेक्षा वेगळाच असतो. तिथे आयपी ६८ चं घड्याळ नेऊ नका. कढत पाण्याची अंघोळ त्याहून वाईट. उष्णतेनं आणि साबणानं कडेची रबरी रिंग कमजोर होते, आणि वाफ पाण्यापेक्षा सहज आत शिरते. काचेच्या आतून धुकं दिसलं की ओळखा. पावसाळ्यात गाडीवरून जाताना थेंब पडद्याला बोटासारखेच वाटतात आणि नको ते बटण दाबलं जातं. त्यासाठी घड्याळात 'वॉटर लॉक' असतो, तो निघण्याआधी लावा.

ओलं घड्याळ चार्जिंगला लावणं ही फार नुकसान करणारी चूक आहे. घामात मीठ असतं. मीठ, ओल आणि वीज एकत्र आली की त्या धातूच्या ठिपक्यांवर काळा-हिरवा थर चढतो, आणि मग चार्जरचा चुंबक चिकटतो पण चार्जिंग होत नाही. आठवड्यातून एकदा ठिपके कोरड्या कापडानं पुसा. पट्टाही सौम्य साबणानं धुऊन वाळवा. पट्ट्याखाली येणाऱ्या पुरळाचं कारण बहुधा तिथे कोंडलेला घाम आणि साबण असतो. चार्जर कंपनीनं सांगितला तेवढ्याच क्षमतेचा वापरा. घड्याळाची बॅटरी फोनच्या मानानं फारच छोटी, साधारण ३०० एमएएचची असते, फोनची ५००० ची. पडदा अॅमोलेड असेल तर काळी तबकडी निवडा, काळ्या भागातले बिंदू बंदच असतात आणि वीज वाचते. एलसीडी पडद्यावर मागचा दिवा पूर्णच जळत असतो, तिथे काळ्या तबकडीचा उपयोग नाही. आणि काच किंवा पाठ एका बाजूनं उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, चार्ज करू नका.

आता आरोग्याबद्दल, आणि हे कळकळीनं सांगायचं आहे. सुई न टोचता रक्तातली साखर दाखवतो असा दावा करणारी घड्याळं बाजारात विकली जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला, की असं कोणतंही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. दंडावर सेन्सर चिकटवतात आणि त्याचे आकडे घड्याळावर दिसतात, ती गोष्ट वेगळी. तिथे बारीक तार कातडीच्या आत गेलेली असते. रक्तदाबाचंही तसंच. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, त्यांनाही दर २८ दिवसांनी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. मग कशाशीच न जुळवता मिळणाऱ्या आकड्यावर गोळी कमी-जास्त कशी करायची? काही घड्याळं ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेच्या संकेतांचा आलेख, काढतात. खरा ईसीजी ओळखण्याची खूण सोपी आहे. दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या धातूवर टेकवायला सांगितलं, तरच विजेचं वर्तुळ पुरं होतं. त्याशिवाय दाखवलेली रेघ ईसीजी नव्हे. आणि खरा असला तरी तो हृदयाकडे एकाच दिशेनं बघतो, दवाखान्यातला १२ दिशांनी. हृदयविकाराचा झटका घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल तर घड्याळ बघत बसू नका, १०८ ला फोन करा.

शेवटी एसओएस, म्हणजे संकटात बटण दाबून घरच्यांना मदतीचा निरोप धाडायची सोय. सिम नसलेल्या घड्याळाचा एसओएस फोनमार्फतच जातो. ब्लूटूथचा पल्ला मोकळ्यावर साधारण १० मीटर, जुन्या वाड्याच्या दगडी भिंतींपलीकडे त्याहून कमी. फोन माजघरात आणि आजी परसात पडल्या, तर बटण दाबूनही काही जात नाही. कास, बामणोलीकडे फोनलाच रेंज नसेल तिथेही तेच. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना घड्याळ दिलं असेल तर फोन कमरेच्या पिशवीत ठेवायची सवय लावा. ज्यांचा नंबर घातला आहे त्यांना आधी कल्पना द्या आणि आज संध्याकाळी एकदा बटण दाबून बघा: घरातून, परसातून आणि गोठ्यातूनही.

नमस्कार.