मुरबाडचं गवत आणि मे महिन्यातली गव्हाण

(दृश्य : कल्याण-मुरबाड रस्ता, पहाट. गवताने भरलेला टेम्पो.)

दिवाळी झाली की पहाटे साडेपाचला या रस्त्याला येऊन उभं राहा, गवताने गच्च भरलेला एखादा टेम्पो तुमच्या समोरून जाणारच. वरून दोरखंड आवळलेले, दोन्ही बाजूंनी काड्या लोंबतायत, आणि तो निघालाय कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांकडे नाहीतर थेट मुंबईला. मुरबाड, शहापूर या भागातलं गवत असंच पिढ्यान्पिढ्या शहरातल्या म्हशींच्या पोटात गेलंय. आणि थोडा वेळ तिथेच थांबलात तर समोरून दुसरा टेम्पो येताना दिसेल, त्यात सरकी पेंड, भुसा, कांडी पेंडीची पोती. म्हणजे आपलं गवत गेलं खाली आणि पोती आली वर, आणि या दोन टेम्पोंच्या मध्ये आपल्या दुधाचा नफा कुठेतरी सांडतोय. आज आपण तेच बघायला निघालोय.

गोठ्याच्या खर्चात साधारण 60 ते 70 टक्के पैसा नुसता खाण्यावर जातो. दुधाचा भाव आपण ठरवत नाही, पेंडीचा भाव तर नाहीच नाही. आपल्या हातात राहतं काय, तर आपल्या बांधावर, वरकसावर म्हणजे उताराच्या माळजमिनीवर, गोठ्याच्या मागे कोणतं गवत लावायचं ते. आणि नेमकं तेच आपण मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून ठरवतो, बारा फूट उंच गवतात माणूस उभा आहे आणि म्हणतोय एकरी एवढे टन!

(दृश्य : पाणी साचलेलं भात खाचर, जुलै.)

मीही तेच केलं होतं, सांगतो. चार वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून नेपियरच्या, म्हणजे त्या उंच वाढणाऱ्या संकरित गवताच्या, कांड्या आणल्या, चांगल्या महाग होत्या, आणि जूनमध्ये सरळ खाचरात लावून टाकल्या, कारण खाचराची माती काळी, कसदार, भात कसा डुलतो त्यात. जुलैत पाऊस लागला तो लागलाच. आपल्या ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पंधरा दिवस पाणी तुंबलं, कांड्या उपटून बघितल्या तर डोळे काळे पडलेले, वास येतोय. घरी वडील काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, भाताच्या जागी भातच येतो रे. मला ते खूप लागलं तेव्हा, पण खरं होतं ते. नेपियरला पाणी भरपूर लागतं पण पायाशी साचलेलं चालत नाही.

म्हणून मी आता कुणी विचारलं की गवत कोणतं लावू, तर आधी त्यालाच विचारतो, जागा कोणती आहे तुझी? आपल्याकडे एकाच माणसाची जमीन पाच तऱ्हेची असते. खालती खाचर, खाचराला बांध, वर उताराचं वरकस, घरामागे आंब्याचं नाहीतर नारळाचं आगर, आणि गोठा धुतलेलं पाणी जिथे जाऊन साचतं तो एक कोपरा. या पाच जागांना एक गवत कसं चालेल?

(दृश्य : गोठ्यामागचा ओलसर कोपरा, दाट हिरवं पॅरा गवत.)

या कोपऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो फुकट पडलेला असतो. इथे पॅरा गवत. जमिनीवर वेलासारखं पसरतं, प्रत्येक गाठीला मुळं सोडतं, पाणी साचलं तरी मरत नाही उलट फोफावतं. मुंबईत आरे कॉलनी 1949 साली उभी राहिली, तिथे गोठ्यांच्या सांडपाण्यावर हेच पॅरा गवत वर्षानुवर्षं पिकवलं गेलं. शेणामुताचं पाणी म्हणजे यातलं खतच. फक्त एक गोष्ट कळकळीने सांगतो, डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यात नाहीतर नवी मुंबईत कारखान्यांचं पाणी मिसळलेल्या नाल्यांच्या काठालाही असंच हिरवंगार गवत दिसतं, ते कापून जनावरांना घालू नका, त्या पाण्यातले जड धातू गवतात उतरतात, गवतातून जनावरात आणि मग दुधात.

आंब्या-नारळाच्या सावलीत गिनी गवत. सावलीत नेपियर नुसतं लांबट होतं, फुटवे कमी धरतं, गिनी मात्र अर्ध्या उन्हातही चालतं, पानं मऊ, देठ बारीक, जनावर काहीच टाकत नाही. आगर आहे आणि खालची जमीन मोकळी आहे तर दुसरा विचारच करू नका.

वरकसावर, जिथे पाणी नेताच येत नाही, तिथे आपलंच गवत. पवना, मारवेल, डोंगरी. मारवेलची सुधारित जात आहे, फुले मारवेल 06-40, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. ठोंब लावले की वर्षानुवर्षं टिकतं. त्यातच स्टायलोचं बी फेकायचं, ते द्विदल आहे, म्हणजे जमिनीला नत्र आणि जनावराला प्रथिनं. या वरकसाची खरी अडचण जातीपेक्षा कापणीच्या वेळेची आहे. आपण दिवाळीनंतर कापतो, गवत पिवळं पडलेलं, बी झडलेलं, कुसळीचं तर नुसतं कुसळ. तोवर त्यातली प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर येतात, भाताच्या पेंढ्याएवढीच. तेच गवत फुलोऱ्यात असताना कापलं तर त्यात जवळपास दुप्पट कस असतो. पण तेव्हा परतीच्या पावसाची भीती असते, माणसं भातकापणीत अडकलेली असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून म्हणतो, सगळं नका कापू, घरच्या दुभत्या जनावरापुरतं चार गुंठे तरी लवकर कापा, दोन दिवस कडक ऊन द्या, हिरवट रंग राहील असं सुकवा आणि ते वेगळं रचून ठेवा. बाकीचं जाऊदे टेम्पोत.

(दृश्य : बांधावर आणि सरी-वरंब्यावर उभं नेपियर, कोयत्याने कापणी.)

आता नेपियर. त्याच्याशिवाय दुधाचा धंदा ओढणं कठीणच, हे मान्य. हा बाजरी आणि हत्ती गवताचा, म्हणजे मूळ नेपियरचा, संकर. राहुरीचं फुले जयवंत आहे, कोइमतूरच्या को-4, को-5 जाती आहेत, बायफ या संस्थेची बीएनएच-10, धारवाडहून आलेली डीएचएन-6 म्हणजे संपूर्णा, आणि थायलंडहून आलेलं सुपर नेपियर. रोज नवीन नावाने काहीतरी विकायला येतं, पण बहुतेक सगळी याच घरातली भावंडं. एक खूण लक्षात ठेवा, या संकरित नेपियरला पेरता येईल असं बी धरत नाही, ते कांडीनेच नाहीतर ठोंबानेच लावायचं. तेव्हा कुणी पाकिटात संकरित नेपियरचं बी देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

लावायचं कुठे, तर पाण्याचा निचरा होणाऱ्या जागेत, सरी-वरंब्यावर, बांधावर. दोन डोळ्यांची कांडी, तीन फूट बाय दोन फूट. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, नंतर दर 45-50 दिवसांनी, जमिनीपासून चार ते सहा बोटं वर.

आणि ही कापणीची तारीख मला जातीपेक्षा मोठी वाटते. 45 दिवसांच्या नेपियरमध्ये वाळल्या वजनावर नऊ-दहा टक्के प्रथिनं मिळतात. तेच 80-90 दिवस ठेवलं तर टनेज वाढतं, फोटो भारी येतो, पण प्रथिनं पाच-सहावर येतात, देठ बांबूसारखा होतो आणि म्हैस पानं खाऊन देठं गव्हाणीत ठेवते. वाहून आणण्यात आणि कुट्टी करण्यात, म्हणजे बारीक तुकडे करण्यात, तुम्ही घातलेले पैसे तिथे पडून राहतात.

फार कोवळं कापलं तरी नुकसान आहे. हिशोब बघा. समजा तुम्हाला हिरवं गवत 3 रुपये किलो पडतं. पन्नास दिवसांच्या गवतात साधारण 20 टक्के सुकं वजन, म्हणजे सुका किलो पडला 15 रुपयांना. भर पावसातलं कोवळं गवत असेल तर 15 टक्केच सुकं, बाकी पाणी, तोच सुका किलो पडला 20 रुपयांना. भाव तोच, गवत तेच, किलोमागे पाच रुपये गेले. शिवाय कोवळ्यात ऑक्झलेट जास्त, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि ताज्या व्यायलेल्या जनावराला ते झेपत नाही. म्हणून नुसतं नेपियर कधीच नाही, सोबत पेंढा, सोबत द्विदल, आणि रोजचं खनिज मिश्रण, किती ते आपल्या डॉक्टरांना विचारून.

किती लावायचं? एका म्हशीला रोज 25 किलो हिरवं धरा, वर्षाचे झाले नऊ टन. हेक्टरी 150 टन म्हणजे गुंठ्याला दीड टन, हा नीट पाणी असलेल्या जागेचा आकडा. म्हणजे एका म्हशीला सहा गुंठे. पण आपल्याकडे फेब्रुवारीनंतर विहिरीचं काय होतं ते तुम्हीच सांगा. ज्या शहापुरात भातसा, तानसा ही धरणं आहेत आणि ज्यांच्या पाण्यावर मुंबई उभी आहे त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर येतो. तिथे सहा गुंठ्यांचा हिशोब कागदावरच राहतो. मी म्हणतो दहा गुंठे लावा, आणि पावसानंतरचं जास्तीचं गवत उभं ठेवू नका, त्याचा मुरघास करा, म्हणजे हवाबंद करून आंबवून साठवा.

(दृश्य : ऑक्टोबर, अंगणात कुट्टी मशीन, मुरघासाची बॅग दाबणारी माणसं.)

ऑक्टोबरचं ऊन यासाठीच आहे. नेपियर कापायचं, एक दिवस मलूल होऊ द्यायचं, कारण त्यात पाणी जास्त आणि साखर कमी, तसंच भरलं तर सडतं. मग बोटाच्या एका पेराएवढी कुट्टी, शंभर किलोला एक-दोन किलो गूळ पाण्यात कालवून शिंपडायचा, थरावर थर, पायाने तुडवून तुडवून हवा काढायची आणि बॅग आवळून बांधायची. मका असेल तर त्याहून सोपं, आफ्रिकन टॉल ही चाऱ्याची जात लावा, दाणा चिकात भरला की कापा, त्याची साखर त्याला पुरते. 45 दिवसांनी तयार. उघडल्यावर आंबटगोड वास आला पाहिजे, काळं पडलं किंवा बुरशी दिसली तर तेवढं फेका, जनावरापुढे टाकू नका.

खाचराचं राहिलंच. भात कापला की ओलीवर आपण वाल टाकतो, तसंच एका तुकड्यात चवळी टाका, चाऱ्यासाठी. बांधावर दशरथ आणि शेवरी. ही द्विदलं आपल्या गोठ्यातलं पेंडीचं पोतं कमी करतात, साधारण सहा ते आठ किलो हिरवं द्विदल एक किलो खुराकाचं, म्हणजे पेंड-भुशाचं, काम करतं. लसूण घास तिकडे घाटावर उत्तम येतो, इथल्या पावसात त्याची मुळं कुजतात, तेव्हा निचऱ्याची जागा आणि हिवाळ्यात पाणी असेल तरच त्याच्या नादाला लागा. शेळ्या असतील तर नेपियर कमी करा आणि दशरथ, शेवरीच वाढवा, शेळीला पाला ओरबाडायला आवडतो, जाड देठ नाही.

आणि पेंढा, जो आपण राब भाजायला नाहीतर व्यापाऱ्याला देऊन टाकतो, त्यातला थोडा घरी ठेवा. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर सारखा शिंपडून, ताडपत्रीखाली 21 दिवस घट्ट बंद. प्रथिनं जवळपास दुप्पट होतात आणि जनावर आवडीने खातं. माप चुकवायचं नाही, युरियाचं पाणी उघड्यावर ठेवायचं नाही आणि लहान वासरांना हा पेंढा घालायचा नाही, एवढं सांभाळा.

(दृश्य : मे महिना, मुरबाडजवळचा एक छोटा गोठा, सकाळ.)

हा गोठा चार म्हशींचा. म्हसा यात्रेत जनावरं बघत हिंडताना या ताईंची ओळख झाली होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मे महिन्यात या मग बोला. म्हणून आलो. विहिरीला तळाशी हातभर पाणी आहे, नेपियर अर्धं सुकलंय, भिंतीला मुरघासाच्या बॅगा टेकवलेल्या, त्यातली सातवी काल उघडली. ताईंनी गव्हाणीच्या वर खडूने रोजचे आकडे लिहून ठेवलेत. किती घातलं ते नाही लिहीत त्या, सकाळी झाडताना किती उरलं ते तराजूवर टाकून लिहितात. मागच्या वर्षी याच दिवसांत चार म्हशींच्या गव्हाणीत मिळून नऊ-दहा किलो देठं उरायची.

आज तराजू दीड किलोवर थांबला. ताईंनी खडू उचलला, लिहिलं, आणि म्हणाल्या, बॅगा अजून पाच आहेत, पाऊस वेळेवर आला तर एक उरेल बहुतेक.