दोन टक्क्यांचा हिशेब

[दृश्य : टोरांटोतील बे स्ट्रीटवरचे बँकांचे मनोरे. मग मिसिसागामधील एका दुकानांच्या संकुलातील बँकेची शाखा.]

कॅनडात फेब्रुवारी महिना जसा बर्फाचा, तसाच आरआरएसपीचा असतो. १९५७ साली सुरू झालेल्या या निवृत्ती बचत योजनेत वर्षाच्या पहिल्या साठ दिवसांत भरलेली रक्कम मागील वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येते, आणि म्हणून या दिवसांत बसथांब्यांपासून दूरचित्रवाणीपर्यंत सगळीकडे त्याच जाहिराती दिसतात. नोकरदार माणूस वेळ ठरवून शाखेत जातो. समोरची व्यक्ती अदबीने बोलते, जोखमीची ठरावीक प्रश्नावली भरून घेते, आणि तासाभराच्या आत त्याचे पैसे त्याच बँकेच्या एखाद्या म्युच्युअल फंडात गेलेले असतात. किती कर वाचला हे त्याला तिथल्या तिथे कळते. फंडाचा वार्षिक खर्च किती, हा आकडा त्याला दिलेल्या कागदावर छापलेला असतो. बोलण्यात मात्र तो क्वचितच येतो.

या खर्चाला कॅनडात सगळेजण एमईआर म्हणतात. व्यवस्थापकाची फी, विक्रेत्याचे कमिशन, हिशेबनिसाचा खर्च आणि कर असे सगळे त्यात येते. त्याचे बिल कधीच घरी येत नाही, कारण फंडाचे रोजचे मूल्य जाहीर होते तेच हा खर्च वजा करून. गुंतवणूकदाराला परतावा दिसतो तो उरलेला. बँकेत विकल्या जाणाऱ्या, शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या फंडांचा हा खर्च वर्षानुवर्षे दोन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. दोन टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून एकदा हिशेब मांडून पाहू.

[दृश्य : कोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहिले जाणारे आकडे.]

समजा, एका व्यक्तीने १ लाख डॉलर २५ वर्षांसाठी ठेवले आणि गुंतवणुकीने खर्चाआधी वर्षाला ६ टक्के मिळवले. हा दर केवळ हिशेबासाठी धरला आहे. बाजार कोणाला अशी हमी देत नाही. खर्च २ टक्के असेल तर हाती ४ टक्के उरतात आणि २५ वर्षांनी रक्कम सुमारे २ लाख ६६ हजार डॉलर होते. खर्च पाव टक्का असेल, तर हाती पावणेसहा टक्के उरतात आणि तीच रक्कम ४ लाखांच्या थोडी वर जाते. फरक जवळजवळ १ लाख ३८ हजार डॉलरचा पडतो, म्हणजे मुळात ठेवलेल्या रकमेहूनही अधिक. बाजाराची जोखीम दोन्ही वेळा गुंतवणूकदारानेच पत्करलेली असते.

हा पैसा जातो कुठे, हे समजून घेण्यासाठी विक्रीची साखळी पाहावी लागते. शेअर फंडांच्या खर्चातून, गुंतवलेल्या रकमेच्या साधारण एक टक्का दरवर्षी, गुंतवणूक टिकून असेपर्यंत, विक्री करणाऱ्या संस्थेला मिळत आला आहे. पूर्वी याहून वाईट प्रकार होता. काही फंड ठरलेल्या मुदतीच्या आत विकले तर ग्राहकाला दंड बसे, आणि विक्रेत्याला त्याचे कमिशन मात्र पहिल्याच दिवशी मिळालेले असे. ही पद्धत १ जून २०२२ पासून देशभर बंद झाली. बँकेच्या शाखेतला प्रश्न वेगळा आहे. तिथे बहुधा त्या बँकेचेच फंड विकले जातात, त्यामुळे शेजारच्या दुकानात तोच माल स्वस्त मिळतो असे तिथला कर्मचारी सांगू शकत नाही. ओंटारियोच्या रोखे नियामकाने आणि गुंतवणूक विक्रेत्यांवर राष्ट्रीय पातळीवर देखरेख करणाऱ्या सीआयआरओ या संस्थेने बँक शाखांमधील फंड विक्रेत्यांची पाहणी करून २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्या शाखेत ग्राहकाच्या हिताची नसलेली उत्पादने निदान अधूनमधून तरी सुचवली जातात, असे त्यात दर चार विक्रेत्यांपैकी एकाने सांगितले. आमच्या मते दोष त्या खुर्चीतल्या माणसाला देण्यात अर्थ नाही. त्याच्या डोक्यावर विक्रीचे लक्ष्य असते आणि त्याच्यापुढच्या यादीत जे असते तेच तो देतो.

या गोष्टीचा सर्वांत विचित्र भाग असा, की स्वस्त पर्यायाचा जन्म याच देशात, याच शहरात झाला. शेअर बाजारात एखाद्या शेअरसारखा विकत घेता येणारा आणि निर्देशांकाच्या मागे चालणारा फंड, म्हणजे आजचा ईटीएफ, जगात सर्वप्रथम यशस्वीपणे सुरू झाला तो मार्च १९९० मध्ये टोरांटोच्या शेअर बाजारात. अमेरिकेत तो तीन वर्षांनी आला. तरीही सामान्य कॅनेडियन कुटुंबाची बचत पुढे कित्येक वर्षे शाखेतल्या महाग फंडांतच जात राहिली. ईटीएफ घ्यायचा तर दलालाकडे खाते उघडावे लागे, प्रत्येक खरेदीला दलाली मोजावी लागे, आणि चार-पाच फंडांचे आपसातले प्रमाण दरवर्षी स्वतः जुळवावे लागे. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने हे कधी करायचे?

२०१८ च्या सुरुवातीला ही अडचण बरीचशी दूर झाली. व्हॅनगार्ड कंपनीने कॅनडात असे ईटीएफ आणले की ज्यांच्या एकाच युनिटमध्ये कॅनडा, अमेरिका, इतर विकसित देश आणि उदयोन्मुख देश यांचे हजारो शेअर व सोबत रोखे असतात, आणि त्यांचे प्रमाण फंडच जुळवून ठेवतो. पुढे इतर कंपन्यांनीही तसेच फंड काढले. यांचा वार्षिक खर्च पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. ८० टक्के शेअर आणि २० टक्के रोखे हवेत, की ६० आणि ४०, की निव्वळ शेअर, एवढेच ठरवावे लागते. अलीकडे अनेक दलाल ईटीएफच्या खरेदीवर दलालीही घेत नाहीत, त्यामुळे दर पगाराला दोनशे डॉलर गुंतवणाऱ्यालाही हा मार्ग परवडतो.

[दृश्य : ओटावाजवळील जुन्या तंत्रज्ञान वसाहतीतील काचेच्या इमारती.]

मात्र खर्च कमी झाला म्हणून जोखीम संपत नाही, आणि कॅनडाला हे नॉर्टेलने शिकवले. दूरसंचार यंत्रणा बनवणाऱ्या या कंपनीचा शेअर २००० च्या उन्हाळ्यात १२० डॉलरच्या वर गेला, तेव्हा टोरांटोच्या मुख्य निर्देशांकातील एक तृतीयांशाहून अधिक मूल्य या एकट्या कंपनीचे होते. म्हणजे ज्याने ‘सगळा बाजार’ विकत घेतला, त्याच्याही दर तीन डॉलरांतला एक नॉर्टेलमध्ये होता. दोन वर्षांत शेअर एका डॉलरच्या खाली आला आणि जानेवारी २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या कर्मचाऱ्यांनी पगारातून कंपनीचेच शेअर घेतले होते, त्यांची नोकरी आणि बचत एकाच वेळी गेली. आजही टोरांटोच्या निर्देशांकाचा मोठा हिस्सा बँका, तेल आणि खाणी यांनी व्यापलेला आहे. औषधनिर्मिती त्यात नावापुरतीच आहे. जगाच्या शेअर बाजारात कॅनडाचा वाटा सुमारे ३ टक्के असताना अनेक कुटुंबांचा निम्म्याहून अधिक पैसा देशी शेअरांत असतो, आणि त्यांची नोकरी, घर व गृहकर्जही याच देशात असते. लाभांशावर कराची सवलत मिळते हे खरे. पण सगळी भिस्त पाच-सहा बँकांच्या शेअरांवर ठेवायला तेवढे कारण पुरेसे नाही, असे आमचे मत आहे.

काय घ्यावे हे ठरले, की ते कोणत्या खात्यात ठेवावे हा प्रश्न येतो, आणि याच प्रश्नावर घराघरांत गैरसमज आहेत. अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी २००८ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेले टीएफएसए हे खाते १ जानेवारी २००९ पासून सुरू झाले. त्यात भरलेल्या रकमेवर करसवलत मिळत नाही, पण आतली वाढ आणि काढलेली रक्कम पूर्ण करमुक्त असते. आरआरएसपीत याच्या उलट असते : भरताना सवलत आणि काढताना कर. दोहोंपैकी चांगले कोणते, यावर लोक तावातावाने वाद घालतात. वास्तविक भरतानाचा आणि काढतानाचा कराचा दर सारखाच असेल, तर दोन्हींचा निकाल एकच येतो. ३० टक्के दराने पाहा. कमावलेले १,००० डॉलर आरआरएसपीत गेले, दुप्पट होऊन २,००० झाले आणि काढताना ३० टक्के कर गेला, की हाती १,४०० उरतात. टीएफएसएत आधीच कर भरून ७०० डॉलर गेले, तेही दुप्पट झाले, आणि हाती १,४०० आले.

यातून निवड सोपी होते. ज्याची मिळकत आज जास्त आहे आणि निवृत्तीनंतर कमी होणार आहे, त्याने आधी आरआरएसपी भरावे. मात्र वसंतात येणारा कराचा परतावा सहलीत खर्च केला, तर वरचा हिशेब कोलमडतो. ज्याची मिळकत आयुष्यभर बेताचीच राहणार, त्याने आधी टीएफएसए भरावे, कारण कमी उत्पन्नाच्या वृद्धांना सरकारकडून मिळणारी पूरक मदत आरआरएसपीतून काढलेल्या प्रत्येक डॉलरमागे साधारण ५० सेंटने कमी होते, आणि टीएफएसएतून काढलेली रक्कम त्या हिशेबात धरलीच जात नाही. कामाच्या ठिकाणी मालक कर्मचाऱ्याच्या भरण्याइतकी भर घालत असेल, तर तो भरणा या दोन्हींच्या आधी करावा. पहिले घर घेणाऱ्यांसाठी एप्रिल २०२३ पासून आलेल्या एफएचएसए खात्यात वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर भरता येतात. त्यात भरताना सवलत मिळते आणि घरासाठी काढताना करही नसतो. मर्यादा खाते उघडल्या वर्षापासूनच मोजली जाते, म्हणून घराचा विचार दूरचा असला तरी खाते लवकर उघडणे हिताचे ठरते.

[दृश्य : ब्रॅम्प्टनमधील एका घराचे स्वयंपाकघर. टेबलावर कागद पसरलेले.]

नव्याने आलेल्या कुटुंबांना, आणि त्यांत पुण्या-मुंबईहून आलेली मराठी कुटुंबेही आली, हे नियम ऐकीव माहितीवर पाळणे महागात पडते. २००९ मध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि तेव्हापासून कॅनडातच राहिलेल्या माणसाची टीएफएसएची एकूण मर्यादा २०२६ मध्ये १ लाख ९ हजार डॉलर आहे. हा आकडा कार्यालयात कोणीतरी सांगतो. २०२३ मध्ये रहिवासी झालेल्या माणसाची मर्यादा मात्र त्या वर्षापासूनची, म्हणजे फक्त २७,५०० डॉलर असते. त्याने भारतातून आणलेली पुंजी भरून आणखी २०,००० डॉलर जास्त ठेवले, तर जादा रकमेवर दरमहा १ टक्का, म्हणजे २०० डॉलर दंड लागत राहतो. बँक त्याला अडवत नाही. हिशेब ठेवण्याची जबाबदारी खातेदाराची असते.

दुसरी अडचण मागे ठेवलेल्या मालमत्तेची. कॅनडाचा रहिवासी झालेल्या व्यक्तीला जगभरातील उत्पन्नावर कर लागतो, त्यामुळे भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याज आणि एनआरई ठेवींवरचे व्याज कॅनडात करपात्र ठरते. परदेशी गुंतवणुकीची एकूण किंमत १ लाख कॅनेडियन डॉलरपेक्षा जास्त असेल, तर टी११३५ हा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट त्यात धरला जातो, आणि त्याची किंमत खरेदीच्या वेळची न धरता कॅनडाचे रहिवासी झालेल्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते. रहिवासाच्या पहिल्या वर्षापुरती यातून सूट आहे. नंतर उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर, कमाल २,५०० डॉलर दंड बसतो, एक पैशाचाही कर देणे नसले तरी.

मुलांच्या शिक्षणासाठी असलेल्या आरईएसपी खात्यात वर्षाला २,५०० डॉलर भरले, तर सरकार ५०० डॉलरची भर घालते, आणि अशी भर एका मुलामागे एकूण ७,२०० डॉलरपर्यंत मिळते. खात्रीचे २० टक्के दुसरीकडे क्वचितच मिळतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला तर स्वतः काहीही न भरता मुलामागे २,००० डॉलरपर्यंतचा स्वतंत्र निधी मिळू शकतो; खाते मात्र उघडलेले असावे लागते. मात्र नव्या बाळाच्या घरी येऊन सामूहिक योजना विकणाऱ्यांपासून सावध राहावे. त्यांत सुरुवातीचे बरेच हप्ते नोंदणी शुल्कातच जातात आणि मध्येच हप्ते थांबवणाऱ्याचे नुकसान होते. सरकारची तीच भर साध्या बँकेतल्या किंवा दलालाकडच्या खात्यातही मिळते.

मुदत ठेवींना, म्हणजे इथल्या जीआयसींना, त्यांची जागा आहे. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तिथेच शोभतो, आणि सरकारी ठेव विमा प्रत्येक सदस्य बँकेत, प्रत्येक प्रकारच्या ठेवींसाठी १ लाख डॉलरपर्यंत संरक्षण देतो. फेब्रुवारी आणि मार्च २०२० मध्ये टोरांटोचा निर्देशांक काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून अधिक कोसळला, तेव्हा ज्यांना घराची पहिली रक्कम भरायची होती आणि ती शेअरांत होती, त्यांना विकण्यावाचून पर्याय नव्हता. अशा वेळी घाबरलेल्या ग्राहकाला विकण्यापासून रोखणारा सल्लागार आपली फी नक्कीच वसूल करून देतो. अशा सल्ल्यासाठी तासावर किंवा ठरावीक रकमेवर फी घेणारे नियोजकही कॅनडात आहेत, आणि त्यांचे बिल ग्राहकाला दिसते.

शाखेतल्या फंडाचे बिल अजून तसे दिसत नाही, पण ते आता दिसणार आहे. जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फंडाच्या आत कापला जाणारा खर्च प्रत्येक ग्राहकाला त्याच्या खात्यापुरता, डॉलरमध्ये कळवणे बंधनकारक झाले आहे. २०२६ चा हिशेब असलेली पहिली वार्षिक पत्रे २०२७ च्या सुरुवातीला लोकांच्या हाती पडतील. १ लाख डॉलर दोन टक्क्यांच्या फंडात असलेल्या माणसाला त्या पत्रात २,००० डॉलरच्या आसपासचा आकडा दिसेल. पाव टक्क्याच्या फंडातल्या माणसाला २५० चा.