स्वीडिशची २९ अक्षरं आणि आपला मराठी कान

स्टॉकहोमची ब्लू लाइन मेट्रो अकाल्लाच्या दिशेने चाललीये आणि डब्यात अनाउन्समेंट होते, "नेस्ता, शिस्ता". नेस्ता म्हणजे पुढचं स्टेशन, आणि बाहेर बोर्डावर स्पेलिंग दिसतं के, आय, एस, टी, ए. एरिक्सन या टेलिकॉम कंपनीचं हेड ऑफिस याच भागात, त्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेली आयटीवाली मंडळी इथे कायम दिसतात, आणि नवीन असताना बरेच जण या जागेला किस्ता म्हणत असतात, कारण आपण स्पेलिंग वाचतो ते इंग्रजीच्या सवयीने.

तर के चा श कसा झाला, तर असं आहे की स्वीडिशमध्ये स्वरांची अक्षरं ९, त्यातली ४ कठीण धरतात आणि ५ मऊ (ई, आय, वाय आणि टिंबवाले ए, ओ), आणि के च्या पुढे मऊ स्वर आला की त्याचा बहुतेक वेळा श होतो, जी चा य होतो. म्हणून लिनशोपिंग, नॉरशोपिंग ही गावं लिहिताना के ने लिहितात, आणि जी ने लिहिलेलं योतेबोर्य, ज्याला आपण गोथेनबर्ग म्हणतो, ते सुरूही य ने होतं आणि संपतंही य वर. किरुना मात्र किरुनाच राहतं, कारण ते पार उत्तरेचं गाव आणि नाव मुळात सामी भाषेतलं.

आता स्क्रीनवर पूर्ण वर्णमाला बघा. इंग्रजीची २६ आणि शेवटी ही तीन, डोक्यावर बारीक गोल असलेला ए, दोन टिंबांचा ए आणि दोन टिंबांचा ओ. ही नटवलेली ए-ओ नाहीयेत हं, स्वतंत्र अक्षरं आहेत, डिक्शनरीत झेडच्या नंतर येतात, आणि १५२६ च्या बायबलच्या छापील नव्या करारापासून स्वीडिशमध्ये तिन्ही वापरात आहेत. डबल्यूला मात्र स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात स्वतःची जागा मिळाली ती थेट २००६ मध्ये, तोपर्यंत तो व्ही मध्येच धरायचे. गोलवाला ए तुम्ही आधी पाहिलाय, फिजिक्सच्या पुस्तकात, तरंगलांबीच्या एककात. ते एकक उप्सालाच्या आन्देर्स ऑंगस्त्रम यांच्या नावाचं, आपण अँगस्ट्रॉम म्हणतो पण तिथे सुरुवात ऑ ने होते, कारण त्या अक्षराचा उच्चार ओ किंवा ऑ. आणि साधा ओ? त्याचं नाव ऊ. म्हणून पुस्तक म्हणजे बूक, सूर्य म्हणजे सूल.

अक्षरांची नावं पहिल्याच आठवड्यात पाठ करा असं मी कळकळीने सांगेन, कारण फोनवर ईमेल सांगताना तुम्ही इंग्रजी सवयीने ए म्हणालात तर समोरचा ई लिहितो, तुम्ही ई म्हणालात तर आय लिहितो. त्यांचा ए म्हणजे आ, के म्हणजे को, एच म्हणजे हो, झेड म्हणजे सेता. जे चा उच्चार य, त्यामुळे दवाखान्यात वेटिंगमध्ये बसलेल्या जोशींना योशी अशी हाक येते आणि जाधवांचे यादव होतात, तेव्हा कान उघडे ठेवा.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी खरं तर हा व्हिडिओ केलाय. ट, ड, ण, ळ, ष हे आवाज स्वीडिशमध्ये आहेत! मूल या शब्दाचं स्पेलिंग बी, ए, आर, एन, पण त्यात र आणि न वेगळे ऐकूच येत नाहीत, दोन्ही मिळून सरळ ण होतो, बाण. आर आणि डी मिळून ड, म्हणून टेबल म्हणजे बूड, आर-टी चा ट, आर-एस चा ष, आर-एल चा जवळपास ळ, म्हणून मोती म्हणजे पॅळा आणि कार्ल हे नाव काळ. आणि एकटा टी किंवा डी आला तर तो दाताला जीभ लावून, आपला त आणि द. बूद म्हणजे शेड, बूड म्हणजे टेबल. इंग्रजीवरून येणाऱ्याला हा फरक ऐकायलाच वेळ लागतो, आपल्याकडे तो अंगणवाडीपासून आहे, मग आपण इंग्रजीतून कशाला शिकायचं? वहीत शब्दाशेजारी उच्चार देवनागरीत लिहा, बिनधास्त लिहा.

कष्ट करायचे ते स्वरांवर. ताक म्हणजे छप्पर, आणि तक्क, आखूड अ आणि मागे जोर, म्हणजे थँक्यू, ही लांबी चुकली तर शब्दच बदलतो. वाय साठी तोंडाने ई म्हणत राहा, जीभ हलवू नका आणि फक्त ओठ गोल करा, जो आवाज येतो तो वाय. आरशासमोर करा, ओठ खरंच पुढे आले पाहिजेत.

आणि मग तो प्रसिद्ध आवाज, स्वीडिशमध्ये सात हा आकडा म्हणताना येतो तो. गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ आणि जिभेची मागची बाजू वर, ह आणि श च्या मधलं काहीतरी. ध्वनिलिपीत त्याला वेगळं चिन्हच दिलंय. लिहिण्याच्या तऱ्हा ढीगभर, तारा म्हणजे हॅणा त्यात एस-टी-जे ने, स्टेशन म्हणजे स्ताहून त्यात टी-आय ने. उत्तरेकडे हाच आवाज आपल्या ष च्या जवळ जातो, तोही चालतो, कोणी हसत नाही.

एक मात्र आहे, नोकरी माल्मोला किंवा दक्षिणेकडच्या स्कोने भागात कुठे असेल तर तिथे र घशातून काढतात, त्यामुळे हा ण-ड-ळ चा हिशोब तिकडे लागत नाही, फिनलंडच्या स्वीडिशमध्येही सहसा नाही. तिकडे जाणाऱ्यांनी स्वेरियेस रेडिओचं, म्हणजे स्वीडनच्या सार्वजनिक रेडिओचं, तिथलं लोकल चॅनल लावून ठेवा, मूल हा शब्द तिथले लोक कसा म्हणतात ते ऐका, आणि मग तसाच म्हणा.