खुब्याचा सांधा: कुणाला कोणता, आणि का

[दृश्य: कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळची वेळ. लेथवर जॉब फिरतोय.]

दोन भाग एकमेकांवर फिरणार असतील तर आधी काय बघायचं, असं उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला विचारा. मटेरियल कुठलं, फिनिश कसं, क्लिअरन्स किती आणि झिजून निघालेला भुगा कुठं जाणार, हे तो हातातलं काम न थांबवता सांगेल. खुब्याचा सांधा बदलणारा सर्जनही याच प्रश्नांपाशी येतो. फक्त इथं भाग बदलायला मशीन नाही, माणूस उघडावा लागतो. त्यामुळं पहिल्यांदा काय बसवायचं, याला फार महत्त्व.

[दृश्य: सांध्याची आकृती.]

मांडीचं हाड हे शरीरातलं सगळ्यात लांब हाड. त्याच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या खळग्यात बसतो. शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा तो हाच. गोळ्यावर आणि खळग्यात कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. साधं चालतानासुद्धा या सांध्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून ती एकदा झिजली की भरून येत नाही.

आता दुखतं कुठं, ते बघू. "खुबा धरलाय" असं म्हणत माणूस बहुतेक वेळा हात ठेवतो तो मागं, कुल्ल्यावर. तिथलं दुखणं पुष्कळदा मणक्यातून आलेलं असतं. खुब्याच्या सांध्याचं खरं दुखणं जांघेत उठतं आणि मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं. वर्षभर गुडघ्याला तेल चोळणाऱ्या माणसाचा खुबा खराब निघाला, ही गोष्ट डॉक्टरांना नवी नाही. मांडी घालता येईनाशी होते. पायात मोजा चढवता येत नाही. आपल्याकडं कोल्हापुरी चप्पल उभ्या उभ्या पायात सरकवता येते, म्हणून हे लक्षण उशिरा ध्यानात येत असावं, असा आपला माझा एक अंदाज.

[दृश्य: रुग्णालयाची बाह्यरुग्ण खोली. बाकावर बसलेली माणसं. चेहरे दिसत नाहीत.]

अशा बाकावर तीन प्रकारची माणसं हमखास शेजारी शेजारी बसलेली सापडतात, आणि तिघांना लागणारा सांधा एकच नसतो.

पहिली आजी. मोरीत पाय घसरला आणि मांडीच्या हाडाची मान, म्हणजे गोळ्याखालचा निमुळता भाग, मोडली. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसा या मानेवरूनच वर जातात. मान मोडून हाड सरकलं की त्या नसाही तुटण्याची आणि गोळा मरण्याची भीती असते. म्हणून आजीच्या वयात मोडलेलं हाड स्क्रूनं जोडत बसण्यापेक्षा गोळाच बदलणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं, आणि तेही लवकर, शक्य तर पहिल्या दोन दिवसांत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, पाठीला जखमा, सगळं एकदम गाठतं. इथं एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. कोल्हापूर हे तालमींचं गाव. उतरलेला खांदा, मुरगळलेला पाय घेऊन वस्तादाकडं जायची इथली रीत जुनी आहे. पण पडल्यावर पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय आणि उभं राहता येत नाही, एवढं दिसलं की चोळायचं नाही, ओढायचं नाही. थेट दवाखाना.

दुसरा माणूस पस्तिशी-चाळिशीतला. पडलेला नाही, मार लागलेला नाही. त्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा हळूहळू बंद होऊन हाड आतून ढासळलंय. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. दारू हे एक मोठं कारण. दुसरं, मोठ्या मात्रेत किंवा बराच काळ घेतलेली स्टेरॉईड. कोविडच्या काळात अनेकांना ती जीव वाचवण्यासाठी द्यावीच लागली. पैलवानकीत आणि जिममध्ये ज्यांना स्टेरॉईड म्हणतात ती औषधं वेगळी. इथं प्रश्न आहे तो दमा, संधिवात, त्वचारोग यांवर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉईडचा. सांधेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या विकल्या जातात, त्यांतल्या काहींत तपासणीत हीच स्टेरॉईड सापडलेली आहेत. पुडीनं दोन दिवसांत आराम पडला तर आनंद मानायच्या आधी शंका घ्या. एव्हीएन सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. तेव्हाच सापडला तर हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात आणि गोळा वाचवायचा प्रयत्न होतो. गोळा चेपला गेला की मग सांधा बदलणंच उरतं.

तिसरे मामा, साठी ओलांडलेले. यांची कूर्चा झिजलीय. त्यांना घाई नाही. गोळ्या, वजन कमी करणं, व्यायाम, हातात काठी, हे सगळं आधी करून बघायचं. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची नसते, उलट्या हातात धरायची असते.

[दृश्य: इचलकरंजी. यंत्रमागांचा खडखडाट.]

आता थोडं लांब जाऊ. इचलकरंजीच्या मागवाल्यांना ही गोष्ट ऐकून बरं वाटेल.

नैसर्गिक गोळा काढून दुसरं काहीतरी बसवायचं, ही कल्पना जुनी आहे. 1891 मध्ये बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी हस्तिदंताचा सांधा करून पाहिला होता. ब्रह्मदेशात तर डॉ. सॅन बॉ यांनी 1960 पासून हस्तिदंताचे गोळे रुग्णांना बसवले. पहिली रुग्ण होती 83 वर्षांची एक बौद्ध भिक्खुणी. पण पूर्ण सांधा, म्हणजे गोळा आणि वाटी दोन्ही, वर्षानुवर्षं टिकेल असा बनवायचा कसा, हे कोडं सुटलं ते इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या गोष्टीत ज्याचं नाव निघतं, तेच लँकेशायर.

तिथल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. डोकं इंजिनिअरचं. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. गोळा लहान ठेवायचा, म्हणजे घर्षणाचा जोर कमी. आणि वाटी अशा प्लास्टिकची करायची की ज्यावर धातू सहज घसरेल. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन घेतलं, न चिकटणाऱ्या तव्यांवर असतं तेच. सुरुवातीला रुग्ण खूश. दोन-तीन वर्षांत मात्र टेफ्लॉन झिजलं आणि त्याच्या भुग्यानं सांध्याभोवती सूज आणि गाठी धरल्या. जवळपास 300 रुग्णांना तो सांधा बसवलेला होता. असं प्लास्टिक शरीरात काय करतं हे बघायला चार्नलींनी स्वतःच्याच मांडीत त्याचे तुकडे घालून घेतले.

1962 च्या मे महिन्यात रायटिंग्टनला एक विक्रेता आला. त्याच्याकडं एक नवं प्लास्टिक होतं. कापडाच्या मागांचे गिअर बनवायला ते वापरायला लागले होते. चार्नलींनी तुकडा बघितला आणि हे काही कामाचं नाही म्हणून बाजूला सारलं. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याला मात्र राहवलं नाही. साहेबांच्या माघारी त्यानं तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चालत राहिलं, तरी टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं तितकंही हे झिजलं नाही. ते होतं अतिशय लांब रेणूंचं पॉलिथिलिन. नोव्हेंबर 1962 मध्ये चार्नलींनी ते पहिल्या रुग्णाला बसवलं. त्यांच्या गोळ्याचा व्यास होता पाऊण इंचाहून जरा मोठा, 22.225 मिलिमीटर. पुढं ते आपल्या रुग्णांना सांगत, की तुम्ही गेल्यावर तो सांधा आम्हाला तपासायला परत मिळू द्या. आज जगभर बसवले जाणारे सांधे याच मांडणीवर उभे आहेत. म्हणून या शस्त्रक्रियेचं श्रेय वाटताना सर्जनच्या शेजारी त्या तंत्रज्ञालाही खुर्ची द्यावी, असं मला वाटतं.

[दृश्य: टेबलावर कृत्रिम सांध्याचे सुटे भाग.]

आता प्रकारांकडं वळू.

पहिला फरक अर्धा की पूर्ण. अर्ध्यात फक्त गोळा बदलतात, खळगा रुग्णाचाच राहतो. आजीचं बहुतेकदा हेच होतं. यात 'ऑस्टिन मूर' नावाचा एकसंध धातूचा गोळा असतो, किंवा 'बायपोलर', म्हणजे गोळ्यात गोळा, दोन ठिकाणी फिरणारा. ऑपरेशन लवकर आटोपतं, रक्त कमी जातं. तोटा असा, की धातूचा गोळा वर्षानुवर्षं रुग्णाच्या कूर्चेवर घासतो आणि ती झिजवतो. म्हणून आजी एकटी बाजारहाट करणारी, तरतरीत असेल तर मान मोडलेली असूनही पूर्ण सांध्याचा विचार होतो. दुसऱ्या माणसाला आणि मामांना पूर्णच लागतो. त्यांचा खळगाही बिघडलेला असतो किंवा पुढं बिघडणार असतो. पूर्ण सांध्यात वाटी, तिच्या आतलं अस्तर, गोळा आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा, असे चार भाग येतात.

दुसरा फरक सिमेंटचा. हे सिमेंट म्हणजे घराला लागतं ते नव्हे, ते ॲक्रिलिक आहे, दातांच्या कवळ्या ज्याच्या करतात त्याच जातीचं. ते चिकटवत नाही, हाड आणि दांडा यांमधली फट भरून दोन्ही जखडून ठेवतं. मिनिटांत घट्ट होतं आणि रुग्ण लगेच पायावर भार देऊ शकतो. बिनसिमेंटच्या सांध्याला खरबरीत, सच्छिद्र पृष्ठभाग असतो. तो हाडात ठोकून घट्ट बसवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत रुग्णाचं हाड त्यात वाढत जातं. तरुण, दणकट हाडाला हा उत्तम. ठिसूळ हाडात तो ठोकताना किंवा नंतर हाडालाच तडा जायची भीती. "सिमेंटचा म्हणजे जुना, स्वस्त, बिनसिमेंटचा म्हणजे भारी" हे जे ऐकू येतं ते चुकीचं आहे. आजीसाठी बहुतेकदा सिमेंटचा दांडाच जास्त सुरक्षित. मात्र सिमेंट भरताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ त्या क्षणी सावध असतात.

तिसरा फरक कशावर काय फिरतं याचा. धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी ही जुनी, पारखलेली जोडी. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जास्त घट्ट विणीचं, क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिन आलं आणि झीज बरीच कमी झाली. त्यावर सिरॅमिकचा गोळा ही आज तरुण रुग्णांमध्ये खूप वापरली जाणारी जोडी. सिरॅमिकवर सिरॅमिक सगळ्यात कमी झिजतं, पण क्वचित तडकतं आणि काही जणांच्या सांध्यातून चालताना चक्क कुरकुर ऐकू येते. धातूवर धातूची मात्र वाईट आठवण आहे. कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात उतरायचे, आजूबाजूचं मांस सडायचं. 2010 मध्ये एका मोठ्या कंपनीला असे सांधे जगभरातून परत बोलवावे लागले आणि भारतातल्या रुग्णांच्या भरपाईसाठी केंद्र सरकारला समिती नेमावी लागली. गोळ्यावर नुसती धातूची टोपी चढवायचा 'रिसर्फेसिंग' हा प्रकार त्याच कारणानं आता मोजक्याच, धडधाकट पुरुषांपुरता उरलाय.

ज्यांचा सांधा निखळायची भीती जास्त, त्यांच्यासाठी 'ड्युअल मोबिलिटी' नावाची दुहेरी फिरणारी वाटी आहे. ती फ्रान्समध्ये 1970 च्या दशकात निघाली. छेद पुढून, बाजूनं की मागून घ्यायचा, यावर जाहिराती फार बोलतात. सर्जनचा हात ज्या वाटेला सरावलाय ती वाट बरी. रोबोबद्दलही तेच: वाटी नेमक्या कोनात बसवायला त्याची मदत होते, पण तेवढ्यानं सांधा जास्त वर्षं टिकतो हे अजून सिद्ध झालेलं नाही.

म्हणून "इम्पोर्टेड आहे का?" या प्रश्नाऐवजी डॉक्टरांना विचारावं, "माझ्या वयाला, माझ्या हाडाला हाच का?" महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन कुठं आणि कसं बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारावं. मधुमेह ताब्यात आणावा, तंबाखू सोडावा, किडलेला दात काढून घ्यावा. सांध्यात जंतुसंसर्ग शंभरात एखाद्यालाच होतो, पण झाला तर सगळं उपसून काढावं लागतं.

[दृश्य: वॉकर घेऊन चालणारे पाय. पुढं अंगण.]

"डॉक्टर, पंगतीला बसता येईल न्हवं?" इथला पहिला प्रश्न हाच असतो. ऑपरेशनच्या त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. मागून छेद घेतला असेल तर पहिले सहा ते बारा आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. उंच खुर्ची आणि कमोड लागतो. उकिडवं बसणं अनेकांना कायमचं सोडावं लागतं. मांडी घालता येईल का, याचं उत्तर मात्र सांध्याचा प्रकार, गोळ्याचा आकार आणि वाटीचा कोन बघून तुमचा सर्जनच देईल; शेजाऱ्याला चालली म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. जोतिबाच्या पायऱ्या पुढं सावकाश चढता येतात. आखाडा बंद.

टिकतो किती? 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासात, बसवलेल्या शंभरातले सुमारे 58 सांधे 25 वर्षांनंतरही जागेवर होते. ते अर्थातच जुन्या बनावटीचे. पस्तिशीतल्या माणसाला मात्र आयुष्यात दुसरं ऑपरेशन लागू शकतं, हे त्याला पहिल्याच वेळी सांगायला हवं.

सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या फाइलमध्ये लावलेत का, ते घरी जायच्या आधी बघा. कंपनी, माप आणि बॅच नंबर त्यावर असतो, आणि पुन्हा उघडायची वेळ आली तर सर्जनला तेच लागतं. दुखत नसलं तरी ठरलेल्या वर्षी एक्स-रे काढा. झिजेच्या भुग्यानं हाड खाल्लं जातं, ते सुरुवातीला बिलकूल दुखत नाही. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, जा की खासगीत, जाताना जुना एक्स-रे सोबत न्या. नव्या फोटोत काय बदललंय, ते जुना शेजारी धरल्याशिवाय कळत नाही.